डोळ्यांना फासा नाही

खंडू मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि सुट्टीवर आला की काहीतरी नवल घेऊनच यायचा. शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात त्याने एक खोकं आणलं. त्यात इंग्रजीतलं एक पातळ पुस्तक आणि मूठभर फासे होते, पण ते आपल्याकडच्या फाशांसारखे नव्हते. एक चार बाजूंचा, इतका टोकदार की पायाखाली आला तर काट्यासारखा रुतावा. एक आठ बाजूंचा, एक बारा, आणि एक वीस बाजूंचा, जवळजवळ गोलच. तो टाकला की कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसे. जहाजावर रिकामा वेळ भरपूर. तिथे इंजिनावरच्या एका साहेबाने खंडूला हा खेळ शिकवला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर. गुहेत शिरायचं, राक्षसांशी झुंजायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशाने ठरवायचं.

खंडूला हा खेळ खेळायला दोन माणसं मिळाली. एक महिपत, एस.टी.च्या डेपोतला कारकून. दुसरा खंडूचा मावसभाऊ दत्ताराम.

दत्ताराम तेव्हा तिशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप. रत्नागिरीत मिऱ्याच्या वाटेवर त्याची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, होती. वर्षातले आठ महिने तो दुकानांच्या पाट्या आणि होड्यांवरची नावं रंगवायचा आणि उरलेले चार महिने गणपती करायचा. शाळा खरी त्याच्या वडिलांची, रावजींची. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि शाळा दत्तारामकडे आली. शाळा आली म्हणजे घरं आली. आमच्याकडे गणपती कोणी दुकानातून उचलून आणत नाही. नागपंचमीच्या आसपास प्रत्येक घर आपला पाट, वर विडा-सुपारी ठेवून, आपल्या मूर्तिकाराकडे नेऊन देतं. त्या पाटावर त्या घराचा गणपती घडतो. आजोबाने जिथे पाट दिला तिथेच नातू देतो. एखाद्या घराने शाळेतून पाट उचलला, तर दुसऱ्या दिवशी वाडीभर त्याची चर्चा होते, आणि मूर्तिकार चार दिवस बाजाराला लांबच्या वाटेने जातो.

रावजींची ख्याती डोळ्यांसाठी होती. माती कोणीही मळेल, साचा कोणीही भरेल, सोनेरी रंगही सरावाने जमतो. पण शेवटची डोळ्यांची आखणी ते दार लावून एकटे करत. त्यांचा गणपती मखरात बसला की घरातल्या प्रत्येकाला वाटायचं, हा माझ्याकडेच बघतोय. ते होते तोवर दत्तारामने अंगरख्याच्या चुण्या रंगवल्या, उंदीर केले, मुकुटाचे खडे काढले. डोळे कधी केले नव्हते. आणि मग एकाच वर्षी सगळेच डोळे त्याच्यावर आले.

त्याने ते केले. दोन वर्षं केले. लोक न्यायला आले, म्हणाले, "छान झालाय हो दत्ता," आणि घेऊन गेले. तरी आखणीचे दिवस जवळ आले की दत्तारामला ते काम नको वाटायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

खेळ रविवारी दुपारी शाळेतच चाले, अर्धवट गणपतींच्या मध्ये जागा करून. दत्तारामने गंगाला, म्हणजे बायकोला, सांगितलं की खंडू आम्हाला इंग्रजी शिकवतो.

"तिघांनी मिळून 'मेला, मेला' म्हणून ओरडायचं, हे कुठलं इंग्रजी?" गंगा म्हणाली.

तेव्हा त्याने खरं सांगितलं आणि वर बजावलं, की बाहेर बोलू नकोस. तिशीतला माणूस, हातात चाळीसेक घरांचे गणपती, आणि तो खोटी तलवार घेऊन खोट्या गुहेत हिंडतो, हे वाडीला कळलं तर? गंगा म्हणाली, "दारू पीत नाही ना? मग हिंडा."

पहिले काही रविवार दत्ताराम लढवय्या होता. पण त्याला ते जमेना. वार करायची पाळी आली की तो विचारायचा, "ही गुहा कसल्या दगडाची आहे? जांभा की काळा?" खंडू वैतागून म्हणायचा, "अरे, समोर राक्षस उभा आहे, तू चिऱ्यांची चौकशी काय करतोस!" शेवटी महिपतने तोड काढली. "दत्ता, पुस्तकात आहेत तेवढेच पेशे कशाला हवेत? तू तुझा पेशा तयार कर. नियम तू लिही, आम्ही पास करतो."

हे दत्तारामच्या मनात असं रुतलं की आठवडाभर तो माती मळतानाही तोच विचार करू लागला. पुढच्या रविवारी त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणलं. पेशाचं नाव मूर्तिकार.

मूर्तिकाराकडे शस्त्र एकच, कोरणी. अंगावर चिलखत नाही, कारण चिलखत घालून माती मळता येत नाही. पण जिथे जाईल तिथली माती त्याच्या कामाची. तांबड्या मातीचं जनावर केलं तर ताकदवान, पण उन्हात तडकतं. खाडीच्या गाळाचं केलं तर चालताना आवाज करत नाही. शाडूचं केलं तर सांगितलेलं ऐकतं. शिकाऊ मूर्तिकाराने फक्त पणती आणि वाडगा करायचा. मग उंदीर, मग बैल, आणि पुष्कळ गुहा पार केल्यावर राखणदार.

"आणि वाळायला किती वेळ?" खंडूने विचारलं. तो गोष्ट सांगणारा, त्यामुळे नियम त्यालाच सांभाळायचे.

"दमट जागा असेल तर दुप्पट."

"म्हणजे आम्ही मार खात असताना हा माती वाळत घालणार!" महिपत म्हणाला. "वर पंख्याने वारा घालायला मला बसवेल."

"पाणी लागलं की विरघळणार," दत्ताराम पुढे वाचत गेला. "आणि केलेलं काहीच स्वतःजवळ ठेवायचं नाही. काम झालं की पाण्यात सोडायचं."

हा नियम खंडूला आवडला. तो म्हणाला, हे चांगलं आहे, नाहीतर तू बैलांचा कळपच घेऊन हिंडशील. मग शेवटची ओळ आली. मातीचं जनावर डोळे काढल्याशिवाय जिवंत होत नाही. मूर्तिकाराने डोळे आखले की ते उठतं.

"कितीच्या वर पडलं तर?" खंडूने वीस बाजूंचा फासा उचलला.

"काही पडायला नको. डोळ्यांना फासा नाही."

"असं कसं? जादूगाराच्या मंत्राला फासा, चोराच्या किल्लीला फासा. या खेळात राजालासुद्धा फासा टाकावा लागतो."

"टाकू दे राजाला. मूर्तिकाराचे डोळे चुकत नाहीत."

"दत्ता, मग खेळात मजा काय?"

"चुकत नाहीत म्हणून सांगितलं ना!"

आवाज चढला होता. चहा घेऊन आलेली गंगा दारातच थबकली आणि तिने दत्तारामकडे पाहिलं. तिने कप ठेवले आणि गेली. दत्तारामचे कान तापले. खंडूने खांदे उडवले. "बरं बाबा, पास. तुझा पेशा, तुझे डोळे."

पुढे मूर्तिकाराने पुरेशा गुहा पार केल्या आणि राखणदार करायची वेळ आली, तेव्हा दत्तारामला वाटलं, की नुसतं तोंडाने का सांगायचं? हाताशी माती आहे. रविवारी जेवणानंतर त्याने उरलेल्या शाडूचा एक राखणदार केला. वीतभर उंच, बेडकासारखं तोंड, गुडघ्यांवर हात टेकून उकिडवा बसलेला. मूर्ती करायची तर खाली फळी हवी, म्हणजे ती फिरवता येते. शाळेतल्या सगळ्या फळ्या गुंतलेल्या. भिंतीला एक छोटा पाट टेकून उभा होता, अजून रिकामा. तो त्याने ओढला. पाट कोणाचा हे त्याने पाहिलं नाही, असं तो नंतर स्वतःला सांगत असे. पण ते खरं नव्हतं. पाट त्याला ठाऊक होता. त्याला वाटलं, तासाभराचं तर काम आहे.

खंडू आणि महिपत आले तेव्हा त्याने त्यांच्यासमोर, ओल्या मातीवरच, काळ्या रंगाने राखणदाराचे डोळे काढले. बोलता बोलता, खंडूच्या कसल्याशा विनोदावर हसत हसत, दोन फटकाऱ्यांत काढले. महिपत एकदम मागे सरला.

"च्यायला! हा बघतोय."

तिघे गुडघ्यांवर बसून त्याच्याभोवती वाकले. पाटावरच फासे टाकले जात होते. राखणदाराने गुहेचं दार अडवलं होतं, समोर राक्षस होता, आणि खंडू मोठ्याने आकडा ओरडत होता, तेव्हा दारातून आवाज आला.

"दत्ता, तवसं आणलंय रे, वेलावर पहिलंच..."

आवडाबाई होती. खालच्या वाडीतली विधवा, साठीच्या पुढची. मुलगा मुंबईला, सून त्याच्याबरोबर. घरात ती एकटीच आणि वर्षातले दीड दिवस गणपती. ती काखेत तवसं, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, धरून उभी होती आणि तिचे डोळे पाटावर होते. फणसाच्या लाकडाचा तो पाट तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी स्वतः तासला होता. एका कोपऱ्यात त्याची पटाशी घसरल्याची खूण होती, तिथेच आता वीस बाजूंचा फासा येऊन थांबला होता.

आवडाबाईने तवसं उंबऱ्याशी ठेवलं. आत आली. राखणदाराला तिने बोटही लावलं नाही. नुसती उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली, आणि दत्तारामला वाटलं, तीही मागे सरते आहे.

"काढ तो," ती म्हणाली.

दत्तारामने तो उचलला. ओली माती, घाईत धरला, तर एक हात तुटून पाटावर पडला. त्याने तोही उचलला. आवडाबाईने पाट पदराने पुसला, काखेत घातला आणि चालू लागली. रस्त्याने गेली असती तर तिचा रिकामा पाट सगळ्यांनी पाहिला असता. ती मागच्या अंगाने, कुंपणाच्या गडग्याच्या कडेकडेने गेली. तिने तेवढं सांभाळलं हे दत्तारामला दारातून दिसलं, आणि त्याला वाटलं, त्यापेक्षा तिने रस्त्यात उभं राहून शिव्या द्यायला हव्या होत्या.

"जाईल राग," महिपत म्हणाला. "खेळ तो."

"तू घरी जा," दत्ताराम म्हणाला.

दोन दिवस तो आवडाबाईकडे गेला नाही. गंगाने विचारलं, आवडाकाकींचा पाट दिसत नाही? तो म्हणाला, आहे मागे कुठेतरी. तिसऱ्या दिवशी गंगाने तो मागे कुठे नाही हे पाहून घेतलं आणि त्याच्या हातात छत्री दिली.

आवडाबाई पडवीत बसून वाल सोलत होती. "बस," म्हणाली. पाट तिने धुऊन भिंतीशी उन्हाकडे तोंड करून ठेवला होता, ऊन नव्हतंच. दत्ताराम बसला. वाटेत जुळवलेलं सगळं विसरला.

"काकी, चूक झाली."

"ती झालीच. पण ते होतं काय?"

आता आली का पंचाईत. माफी मागणं त्या मानाने सोपं होतं. दत्तारामने सांगायला सुरुवात केली, की खंडूने एक खेळ आणलाय, त्यात गुहा असते. कुठली गुहा? खरी नाही, बोलण्यातली. मग राक्षस? तेही बोलण्यातलेच. तुम्ही काय करता? आम्ही त्यांना मारतो. कशाने? फाशाने. आवडाबाईचे हात वालांवर थांबले.

"म्हणजे तुम्ही तिघं बाप्ये दुपारचे बसून खोटं खोटं खेळता?"

"हो."

"महिपतपण? त्याच्या डोक्यावर तर केस नाय."

"हो."

"मग त्यात तू कोण होतोस? राजा?"

दत्तारामने मान खाली घातली. पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर एक मुंगळा वालाचं साल ओढत होता. त्याने त्या मुंगळ्याकडे पाहत सांगितलं, "मूर्तिकार."

आवडाबाई हसायला लागली. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तिने पदर तोंडाला लावला. "अरे मेल्या," ती म्हणाली, "मग शाळेत बसलेला असतो तो कोण?"

तोही कसनुसा हसला. त्याला वाटलं, सुटलो. पण हसू ओसरल्यावर तिचा चेहरा वेगळाच झाला होता. तिने सोललेले वाल एका बाजूला केले.

"एक सांगू? मला त्या बेडक्याचा राग नाय आला. पाट धुतला, झालं. मला भीती वाटली. मी दारात पाय ठेवला नि तो माझ्याकडे बघायला लागला."

दत्तारामची नजर भिंतीशी ठेवलेल्या पाटाकडे गेली.

"रावजीदादा गेले तेव्हापासून आमचा गणपती आमच्याकडे बघत नाय रे. भिंतीकडे बघतो. दोन वर्षं झाली. मी एकटी बाय, दीड दिवस त्याच्यासमोर बसते, मला कळतं. मग म्हटलं, नसेल पोराच्या हातात ते. कोणाच्या हातात असतं, कोणाच्या नसतं. पण हातात तर हाय! राक्षसाला दिलेस की डोळे."

"काकी, तुम्ही तेव्हा बोलला नाही."

"कशाला बोलायचं? तुझा बाप नुकता गेलेला. वाडीत सगळ्यांचंच ठरलं, की नाय बोलायचं."

हे मात्र दत्तारामच्या वर्मी लागलं. सगळ्यांचंच ठरलं होतं. म्हणजे दोन वर्षं चाळीसेक घरांनी आपापला गणपती घरी नेऊन, मखरात बसवून, एकमेकांकडे पाहिलं होतं. आणि पुन्हा नागपंचमीला विडा-सुपारी ठेवून पाट आणून दिले होते. त्याच्यासाठी. आणि तो कॅलेंडरच्या पाठीवर लिहून रविवारी दुपारी वाचून दाखवत होता, की मूर्तिकाराचे डोळे चुकत नाहीत. हे वाचताना खंडू आणि महिपत समोर होते, आणि त्या दोघांच्याही घरचे गणपती त्याच्याकडूनच जात. त्यांनी तो नियम पास केला होता. त्याला तिथून उठून पळावंसं वाटलं, पण आवडाबाई चहाला आधण ठेवायला आत गेली होती आणि चहा न घेता जाणं बरं दिसलं नसतं.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "पाट घेऊन जा. दुसरीकडे कुठे नेऊ मी आता? पण हसत काढ हो. तू त्या दिवशी हसत होतास."

तो पाट घेऊन निघाला. तो मागच्या अंगाने गेला नाही. रस्त्याने गेला, आणि भेटेल त्याने विचारलं, "काय रे, पाट कुणाचा?" तर नाव सांगत गेला.

त्या रविवारी खंडू खोकं घेऊन आला तेव्हा दत्ताराम पांढरा रंग कालवत होता. तो खेळायला बसला नाही. म्हणाला, "खंडू, तो नियम बदलायचाय. डोळ्यांना फासा हवा."

"आता कशाला? आपण मान्य केलं होतं ना?"

"तुम्ही का मान्य केलंत?"

खंडू फासा बोटांत फिरवत राहिला. महिपत बाहेर आवारातल्या चिखलाकडे बघू लागला. खंडू एरवी तोंडाचा फटकळ, जहाजावर साहेबांशीही भांडलेला. तो एवढंच म्हणाला, "कितीच्या वर ठेवू सांग."

"पंधराच्या."

"कठीण होईल रे. चारातून तीनदा चुकशील."

"असू दे."

"आणि चुकलं तर काय होणार जनावराचं? उठणारच नाही?"

दत्तारामने याचा विचार केला होता. "उठेल," तो म्हणाला, "सगळं करेल. पण कोणाकडे बघणार नाही."

महिपत म्हणाला, "बरं," आणि दोघे खोकं घेऊन निघून गेले.

आखणी त्याने त्या वर्षी दार उघडं ठेवून केली. हसत काढायला सांगितलं होतं, पण हसू काय ठरवून येतं? गंगाला त्याने जवळ बसवलं, मुलीला गाणं म्हणायला सांगितलं, खंडूचे विनोद आठवून पाहिले. काही डोळे बरे उतरले, काही पुन्हा भिंतीकडेच गेले. ते त्याने पांढऱ्याने पुसून परत काढले. पहिल्या दोन वर्षांत त्याने एकही डोळा कधी पुसला नव्हता. आवडाबाईच्या गणपतीचे सर्वांत जास्त वेळा पुसले. शेवटी पापणीवर रंगाचा थर दिसायला लागला, तेव्हा गंगा म्हणाली, "आता ठेवा खाली कुंचला."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शाळेत गर्दी झाली. या खेपेला मुंबईहून आलेल्या मुलाला घेऊन आवडाबाई आली. मूर्ती नेताना तिच्या तोंडावर रुमाल टाकायची रीत आहे, घरी गेल्यावर तो काढतात. आवडाबाईने रुमाल हातातच धरला आणि आधी गणपतीसमोर उभी राहिली. मुलगा घाई करत होता, मागे माणसं ताटकळली होती. दत्ताराम सुतळीचा गुंता सोडवत बसला, जो खरं तर सुटलेलाच होता.

"दत्ता, इकडे बघ," ती म्हणाली.

त्याला वर बघवेना.

"बघतोय हो. पण समोर नाय, जरा उजवीकडे." तिने स्वतः एक पाऊल सरकून पाहिलं. "हां. इथून बरोबर. मी उजव्या बाजूला बसेन मग, त्यात काय!"

तिने रुमाल टाकला, मुलाने पाट डोक्यावर घेतला, आणि मोरया म्हणत दोघं बाहेर पडली.

दत्तारामने तिला बोलवून काहीतरी म्हणायला हवं होतं. पण तोवर मागचं घर पुढे आलं होतं. घरातला म्हातारा आपल्या गणपतीकडे, खरं म्हणजे गणपतीच्या सोंडेकडे बघत म्हणाला, "छान झालाय हो दत्ता."

"दादा, डोळे नीट बघून सांगा," दत्ताराम म्हणाला.

म्हातारा गडबडला. त्याने मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "छानच आहे की," तो पुन्हा म्हणाला, आणि सुनेने चटकन रुमाल टाकला. दत्तारामने मान खाली घातली आणि मूर्ती उचलायला हात लावला.